शेवटच्या क्रमांकाचा हक्क

२०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा आफ्रिकेतले आठ देश तिथं उतरले होते. त्या खंडाचा तो उच्चांक होता. चार वर्षांनी बीजिंगमध्ये हा आकडा पाचवर आला. घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग आणि नायजेरियाची सिमिडेले अडेआग्बो हे दोघंही बीजिंगची तयारी करत होते. पण बॉबस्ले आणि स्केलेटन या घसरगाडीच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने खंडनिहाय प्रतिनिधित्वाची, म्हणजे प्रत्येक खंडासाठी जागा राखण्याची, तरतूदच काढून टाकली. दोघांनी ती परत आणण्याची जाहीर मागणी केली, पण ती मान्य झाली नाही.

मराठवाड्यात बसून या बातमीची दखल कोण घेणार? आपल्याकडे आकाशातून बर्फ पडतो तो हाताशी आलेली ज्वारी आणि गहू झोपवायला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रशियातल्या सोचीचे हिवाळी खेळ सुरू होते आणि संपत होते, त्याच सुमारास गारपिटीने इथले मोसंबीचे आणि द्राक्षांचे मळे सोलून काढले होते. तरीही मला वाटतं, की आफ्रिकेच्या त्या गेलेल्या जागांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यात आधी कुणाला कळायला हवी असेल तर ती आपल्याला. कारण आपली पोरं राज्य पातळीवर पोचतात ती अगदी अशाच एका तरतुदीच्या आधाराने.

शालेय क्रीडा स्पर्धांची उतरंड आठवून पाहा. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्यात आठ क्रीडा विभाग आहेत आणि त्यातले दोन मराठवाड्याचे, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर. प्रत्येक विभागातून ठरलेल्या संख्येने मुलं राज्य स्पर्धेला जातात. भूमची किंवा किनवटची मुलगी फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानावर धावते, विभागात पहिली येते आणि बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जाऊन उभी राहते. तिथं ती सातवी येईल, कदाचित आठवी. पुण्याच्या विभागीय स्पर्धेत चौथ्या आलेल्या मुलीची वेळ तिच्यापेक्षा चांगली असेल, आणि ती मुलगी घरी बसलेली असेल. उद्या कुणी म्हणालं, की विभाग वगैरे सोडा, राज्यातल्या सगळ्यांत चांगल्या आठ वेळा काढा आणि त्याच मुलींना पळवा, तर कागदावर ते अगदी न्यायाचं दिसेल. आणि दोन-तीन वर्षांत राज्य स्पर्धेच्या यादीतून हिंगोली, बीड, धाराशिव ही नावं निघून जातील. पाठोपाठ तालुक्याला पोरींना सकाळी पळवणारे क्रीडाशिक्षक थंड होतील. पुढे जायला वाटच उरली नाही, तर पहाटे पाचला मैदानावर यायला पोरींना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

घसरगाडीच्या महासंघाने केलं ते नेमकं हेच. सगळ्यांना एकच निकष लावला आणि त्याला समानता म्हटलं.

हिवाळी खेळांची गुणवत्ता राखायची असेल तर कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. ती रेघ १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकनंतर मारली गेली. ब्रिटनचा एडी एडवर्ड्स स्की-जंपिंगच्या दोन्ही प्रकारांत शेवटचा आला आणि तरीही लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यानंतर नियम आला, की आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वरच्या तीस टक्क्यांत किंवा पहिल्या पन्नासांत यायला हवं. स्की-जंपिंगसारख्या जिवावरच्या खेळात अशी अट असावी. पण जंगलातल्या वाटेवर पंधरा किलोमीटर स्कीवर चालत जायच्या क्रॉस-कंट्रीसारख्या खेळात ती तेवढ्याच कडकपणे का असावी? मागे राहिलेला माणूस तिथं कुणाचं काय अडवतो? फार तर शेवटच्या रेषेवरच्या पंचांना अर्धा तास जास्त थांबावं लागतं.

सुरक्षेचा मुद्दा निघाला, की जॉर्जियाच्या नोदार कुमारिताश्विलीचं नाव येतं, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. १२ फेब्रुवारी २०१० ला, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, व्हिसलरच्या बर्फाच्या नळीत सराव करताना हा एकवीस वर्षांचा मुलगा ल्यूजवरून फेकला गेला आणि लोखंडी खांबावर आदळून मरण पावला. ल्यूज म्हणजे पाठीवर झोपून, पाय पुढे करून घसरायचं. त्याचा वेग तेव्हा ताशी एकशे चाळीस किलोमीटरच्या वर होता. लगेच कुजबुज सुरू झाली, की लहान देशांच्या कच्च्या खेळाडूंना अशा ठिकाणी येऊच देऊ नये. पण नोदार कच्चा नव्हता. बाकुरियानीच्या ज्या घराण्यातून तो आला होता, तिथं हा खेळ पिढ्यांचा होता, आणि त्या मोसमात विश्वचषकाच्या यादीत तो चव्वेचाळिसावा होता. ती नळी जगातल्या सर्वांत वेगवान नळ्यांपैकी होती आणि तिच्या वेगाबद्दल भल्याभल्या खेळाडूंनी आधीच काळजी बोलून दाखवली होती. यजमान कॅनडाने परक्या देशांच्या खेळाडूंना तिथं सरावाला पुरेसा वेळ दिला नाही, अशी टीकाही झाली होती. अपघातानंतर काय केलं? पुरुषांची सुरुवातीची जागा खाली आणली आणि वळणावरची भिंत उंच केली. म्हणजे दुरुस्ती नळीत झाली. ती आधी झाली असती तर बिचारा वाचलाही असता. लहान देशाच्या खेळाडूच्या मृत्यूचा दाखला देऊन लहान देशांचीच दारं बंद करणं मला क्रूर वाटतं. त्यांना सरावाचे तास द्या, असा त्या मृत्यूचा खरा अर्थ आहे.

दुसरा आक्षेप पळवाटांचा. प्योंगचांगला एलिझाबेथ स्वेनी नावाची अमेरिकेत वाढलेली स्पर्धक हंगेरीकडून फ्रीस्टाइल स्कीइंगला उतरली आणि एकही धड कसरत न करता सरळ खाली आली. जिथं स्पर्धक थोडे असतात अशा स्पर्धा निवडून तिने पात्रतेचे गुण जमवले होते. असं होऊ नये, नियम घट्ट करावेत, यात वाद नाही. पण इथंही सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. नायजेरियाच्या बॉबस्लेतल्या तिघी, सेऊन अडिगुन, न्गोझी ओनवुमेरे आणि अकुओमा ओमेओगा, अमेरिकेतच वाढलेल्या. त्यांनी लाकडाची, चाकांची घसरगाडी बनवून ह्यूस्टनमध्ये सराव केला, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि आफ्रिकेचा पहिला बॉबस्ले संघ ऑलिंपिकला नेला. त्या शेवटच्या आल्या. तरी नायजेरियात त्या खेळाची संघटना उभी राहिली ती त्यांच्यामुळे. आणि युरोपातल्या ज्या चिमुकल्या लिश्टेनश्टाइनचं आता पुढे कौतुक करणार आहे, त्याची सगळ्यात मोठी खेळाडू हॅनी वेन्झेल हीसुद्धा जर्मनीत जन्मलेली. तान्ही असताना ती या देशात आली. माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्याच्या मागे कुठल्या मातीत काही उगवलं का, हे मी पाहीन.

लिश्टेनश्टाइनचं क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. आजची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. १९८० साली लेक प्लॅसिडला हॅनीने दोन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं, तिचा भाऊ अँड्रियास याने आणखी एक रौप्य. या देशाच्या नावावर हिवाळी ऑलिंपिकची एकूण दहा पदकं आहेत आणि दहाही डोंगरउतारावरच्या स्कीइंगची. भारताच्या नावावर एकही नाही. लोकसंख्येने देश मोठा ठरतो, ही आपली समजूत बर्फावर टिकत नाही. तिथं लिश्टेनश्टाइन मोठा देश आहे आणि आपण टोंगा, केनिया, पूर्व तिमोर यांच्या रांगेत उभे आहोत. मला ही रांग कमीपणाची वाटत नाही. तिच्यात आपले कोण उभे राहिले, ते पाहू.

शिव केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघाने नव्या देशांत खेळाडू शोधण्यासाठी पंचकुलाला शिबिर घेतलं, त्यातून तो निवडला गेला आणि १९९८ साली नागानोला, वयाच्या सोळाव्या वर्षी, ऑलिंपिकमध्ये उतरला. अठ्ठाविसावा आला. भारतात ल्यूजची नळी नाही. म्हणून हा माणूस घसरगाडीला चाकं लावून हिमालयाच्या घाटरस्त्यांवर ट्रक, गाड्या आणि मेंढरांच्या कळपांमधून सराव करायचा. सहा ऑलिंपिक तो खेळला. मधल्या काळात आशियाई विजेता झाला. त्याचा अर्जुन पुरस्कार आला २०२० साली, म्हणजे शेवटचं ऑलिंपिक खेळून झाल्यावर. आणि २०१४ मध्ये सोचीला तो, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल असे तिघं उद्घाटनाला चालले ते तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली. कारण इथल्या ऑलिंपिक संघटनेच्या कारभारामुळे आंतरराष्ट्रीय समितीने तिला निलंबित केलं होतं. खेळ चालू असतानाच निलंबन उठलं, म्हणून समारोपाला हिमांशूच्या हाती तिरंगा आला. खेळाडूंनी सगळं करायचं आणि झेंडासुद्धा संघटनेच्या कृपेने मिळायचा, याची चीड त्या वेळी देशाला यायला हवी होती. आली नाही, कारण ते पदक आणणारे नव्हते.

२०२२ ला बीजिंगमध्ये गुलमर्गकडचा आरिफ खान हा एकटा भारतीय होता. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. त्या वेळी मोबाइलवर फिरणारे संदेश मला आठवतात: एकशे चाळीस कोटींचा देश आणि एकच खेळाडू, तोही पंचेचाळिसावा. हे लिहिणाऱ्यांना जायंट स्लॅलमच्या उतारावर झेंडे चुकवत दोनदा खाली यायचं आणि दोन्ही वेळा पडायचं नाही, म्हणजे काय हे माहीत नसावं. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि कितीतरी स्पर्धक वाटेतच बाद झाले होते.

थट्टेपेक्षाही एक वेगळा प्रकार मला जास्त खटकतो, तो म्हणजे कौतुकाने लहान करण्याचा. जमैकाचा बॉबस्ले संघ १९८८ ला कॅलगरीत उलटला, हे जगाला पाठ आहे. त्याच जमैकाचा चौघांचा संघ १९९४ ला लिलेहॅमरला चौदावा आला, अमेरिका, रशिया आणि फ्रान्स यांच्या पुढे, हे किती जणांना माहीत आहे? उष्ण देशाचा माणूस बर्फावर पडला की तो सगळ्यांना गोड वाटतो. तो पुढे निघून गेला की गोष्ट तेवढी गंमतीची राहत नाही आणि मग ती कुणी सांगत नाही. या माणसांनी सहा वर्षं काय केलं असेल, कुठे सराव केला असेल, कुणाकडून गाड्या मिळवल्या असतील, याची चौकशी व्हायला हवी होती.

म्हणून मला नागानोतला केनियाचा फिलिप बॉइट आणि नॉर्वेचा ब्यॉर्न डेली यांचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. दहा किलोमीटरची क्रॉस-कंट्री शर्यत डेलीने जिंकली. बॉइट त्याच्यानंतर साधारण वीस मिनिटांनी आला, ब्याण्णवावा आणि शेवटचा. डेली तोवर शेवटच्या रेषेवर थांबून राहिला होता, पदकसमारंभही खोळंबला होता. बॉइट आला तेव्हा डेलीने त्याला मिठी मारली. बॉइटने पुढे आपल्या मुलाचं नाव डेली ठेवलं. आता यात दयेचा भाग होता असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. डेलीसारख्या माणसाला त्या वाटेचा दर मीटर ठाऊक असतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बर्फ पाहिलेल्या माणसाने ती पुरी केली, याची किंमत स्टेडियममधल्या कुणाहीपेक्षा त्यालाच जास्त कळत होती. बॉइट नंतर २००२ आणि २००६ लाही गेला. आठशे मीटर धावणारा हा माणूस, आणि त्याच्या घरात १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं कांस्य आणणारा माइक बॉइट. म्हणजे धावण्याच्या मैदानावर केनिया काय चीज आहे, ते वेगळं सांगायला नको.

याच केनियाशी आपल्या बीड जिल्ह्याची गाठ पडली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. त्याची नेमणूक होती सियाचीनला. मराठवाड्यातल्या किती घरांचा बर्फाशी संबंध असाच आला आहे, अंगावरच्या वर्दीतून! शर्यतींत धावायला तो सैन्यातच लागला. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत तिन्हीच्या तिन्ही पदकं केनियाच घेत आला होता. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. पण त्याआधी टोकियो ऑलिंपिकला तो प्राथमिक फेरीतच सातवा येऊन बाहेर पडला होता, आणि पॅरिसच्या अंतिम फेरीत अकरावा आला. अकरावा! ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पदकाशिवाय खेळाडू मोजायचाच नाही असं ठरवलं, तर साबळेच्या त्या दोन्ही ऑलिंपिकची किंमत शून्य होते. मांडव्यात कुणी असं मोजणार नाही. मग बर्फावरच्या बॉइटला आणि आरिफ खानला तरी आपण असं का मोजावं?

आता गरिबीचा आक्षेप. ज्या देशांत दवाखाने नाहीत, पाणी नाही, त्यांनी बर्फावर घसरायला माणसं का पाठवावीत? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी मैदानासाठी निधी मागणाऱ्याला आधी हंडे भरा असंच सुनावलं असतं, आणि ते चूक नसतं. पण खर्च कशावर होतो ते नीट पाहू. बीजिंगचे खेळ जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाले. यानचिंग आणि झांगजियाकोऊ हे मुळात पाण्याची टंचाई असलेले भाग. तिथल्या डोंगरांवर यंत्रांनी पाणी फवारून, गोठवून उतार पांढरे केले. लातूरच्या माणसाला या चित्राने गलबलून यायला हवं. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उधळपट्टी आहेच, पण ती हैतीच्या किंवा पूर्व तिमोरच्या एका खेळाडूच्या विमानाच्या तिकिटात नाही. ती यजमानांच्या डोंगरांवर आहे, एकदा वापरून पडून राहणाऱ्या बर्फाच्या नळ्यांमध्ये आहे. आपल्याकडेही २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी डेहराडूनला बर्फाची रिंक बांधली आणि पुढे कितीतरी वर्षं ती बंद पडून होती. त्या वर्षांत ती चालली असती तर रस्त्यावर चाकांचे स्केट्स घालून फिरणाऱ्या आपल्या शहरांतल्या मुलांना बर्फावर उतरायला जागा मिळाली असती. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये महाराष्ट्राच्या मुलांनी बर्फावरच्या स्केटिंगमध्ये पदकं घेतली आहेत, ती याच वाटेने.

सोयी जिथं आहेत तिथंच नव्या सोयी जातात, हा सगळ्या जगाचा रोग आहे. राज्याचं क्रीडा विद्यापीठ आधी औरंगाबादला जाहीर झालं आणि नंतर पुण्याला, बालेवाडीला गेलं. तिथं मैदानं तयार आहेत, हा त्या वेळचा युक्तिवाद. मैदानं तयार नाहीत म्हणून विद्यापीठ नाही, विद्यापीठ नाही म्हणून मैदानं होत नाहीत. या फेऱ्यातून बाहेर पडायला राखीव जागेशिवाय दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आणि बर्फाच्या खेळांनी तर ही राखीव जागा उपकार म्हणून द्यायचीच नाही. त्यांना तिची गरज आहे. ऑलिंपिकच्या सनदेत अनेक वर्षं असा नियम होता, की उन्हाळी खेळांत यायचं तर पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत आणि चार खंडांत खेळला जायला हवा. हिवाळी खेळांना मात्र २५ देश आणि तीन खंड पुरायचे. म्हणजे श्रीमंत, थंड देशांच्या खेळांना जगाने आधीच मोठी सूट दिलेली होती. बीजिंगला ९१ संघ आले, पदकं मिळाली २९ जणांना. उरलेले ६२ संघ काढून टाका आणि मग त्याला जागतिक स्पर्धा म्हणून दाखवा. प्रक्षेपणाचे हक्क जगभर विकले जातात, ते या ६२ देशांच्या जोरावरही. त्या पैशातला जास्त हिस्सा या देशांच्या खेळाडूंच्या सरावावर, त्यांच्या प्रशिक्षकांवर, बर्फाच्या नळीतल्या तासांवर खर्च व्हावा, ही साधी रास्त मागणी आहे.

नॉर्वेचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. पंचावन्न लाखांचा देश, बीजिंगला सोळा सुवर्णपदकं. तिथं अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांमध्ये क्रमवारी लावत नाहीत, आणि तेरा वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा घेत नाहीत. सगळ्यांनी खेळावं, पुष्कळ वर्षं खेळावं, पहिला कोण ते नंतर बघू. आपल्याकडे दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेली बीडची पोरं स्पर्धांच्या ऐन मोसमात फडावर असतात. त्यांच्यातला कोण किती धावतो, हे तपासण्याआधीच यादी पुरी होते. त्यांच्यासाठी निवडीची वेगळी तारीख ठेवायला काय अडचण आहे?

हे सगळं मी आफ्रिकेच्या बाजूने लिहितो आहे असं वाटेल, पण आपण दुसऱ्या बाजूलाही उभे आहोत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तेवीस देश आले. भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५–१८ असं हरवलं, इराण आणि मलेशियाविरुद्ध शंभर गुण केले. ज्या कोरियाने सात वर्षांपूर्वी हिवाळी ऑलिंपिक भरवलं, तो आपल्या मॅटवर टोंगा झाला होता. कोरियाच्या मुली इथं कशाला आल्या, असं कुणी विचारलं का? उलट त्या आल्या म्हणून आपण हरखलो. पेरू आला, ब्राझील आला, घाना आला. २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद भारत मागतो आहे आणि खो-खो त्यात जावा, ही खो-खोवाल्यांची इच्छा आहे. ती पुरी व्हायची तर आपल्याकडून मोठ्या फरकाने हरणारे देश पुन्हा पुन्हा यायला हवेत. अठरा गुण मिळवून परत गेलेल्या संघाला पुढच्या वेळी चाळीस मिळायला हवेत.

त्यासाठी मराठवाड्याला करण्यासारखं काम आहे. धाराशिव ही खो-खोची भूमी. २०१६ ला गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे इथली, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. कोरिया, पेरू, घाना इथल्या प्रशिक्षकांना आणि तरुण खेळाडूंना महिना-दोन महिने धाराशिवला बोलवा, राज्य सरकारने त्यांचा खर्च उचलावा, जाताना मॅट आणि खांब द्यावेत. शिव केशवनला शोधायला ल्यूजवाले पंचकुलाला आले होते, तसे आपल्याकडचे प्रशिक्षक बाहेर जावेत. आणि विश्वचषकाच्या नियमावलीत प्रत्येक खंडाच्या ठराविक जागा लेखी असाव्यात, कितीही मोठ्या फरकाने हरले तरी काढून न घेण्याच्या. हे आत्ताच लिहून घ्यायला हवं, आपण जिंकत असताना, कारण पुढे कुणी दुसरा देश बलाढ्य झाला तर तो हाच विचार करेल याची खात्री नाही. पुढच्या विश्वचषकाचे नियम ठरायला बसतील तेव्हा महाराष्ट्राच्या प्रतिनिधींनी ही मागणी मांडावी, आणि धाराशिवच्या खो-खोपटूंनी ती त्यांच्याकडून मांडून घ्यावी.